जुना डेस्कटॉप टाकण्याआधी त्याची डिस्क बदलून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. तेव्हापासून आमच्या दापोली तालुक्यातल्या गावात एकच प्रश्न घरोघरी ऐकू येतो. वाचनालयाच्या नानांनी तो मला सगळ्यांत आधी विचारला. "अगं, आपला सीपीयू आता भंगारात द्यायचा का? दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या."

वाचनालयाचा तो डेस्कटॉप २०१२ सालचा. कोअर आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. सकाळी नाना बटण दाबायचे, खिडक्या उघडायचे, झाडून घ्यायचे, वर्तमानपत्रं काठ्यांना लावायचे, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. वर्गणीची पावती काढायला आलेला माणूस "उद्या येतो" म्हणून निघून जायचा.

मी नानांना थांबा म्हटलं. त्या डेस्कटॉपला हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली चिपांची डिस्क, बसवली आणि आज त्याच्यावर रोजचं काम नीट चाललंय. त्यानंतर एवढ्या लोकांनी विचारलं, की सगळं एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी काढू. "कॉम्प्युटर मंद झालाय" हे एक दुखणं आणि "त्याची विंडोज जुनी झालीय" हे दुसरं. एसएसडीने पहिलं बरं होतं, दुसरं होत नाही. दुसऱ्याचा उपाय पुढे येतोच.

बटण दाबल्यावर आत काय होतं

रॅम ही कॉम्प्युटरची कामापुरती आठवण. लाईट गेली की ती कोरी होते. त्यामुळे रोज सकाळी प्रोसेसर जागा होतो तेव्हा त्याला काहीच आठवत नसतं. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. तो कीबोर्ड, रॅम, डिस्क जागेवर आहेत ना हे तपासतो आणि मग ठरवून दिलेल्या डिस्ककडे जातो. या डिस्कला बूट ड्राइव्ह म्हणतात. तिच्यावर बूटलोडर नावाचा आणखी एक छोटा प्रोग्रॅम असतो आणि तो विंडोजला हाक मारतो.

खरं काम यानंतर सुरू होतं. विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर, फॉन्ट, अँटिव्हायरस, घड्याळाशेजारची ती बारकी बारकी चिन्हं, अशा हजारो लहान तुकड्यांना डिस्कवरून उचलून रॅममध्ये आणावं लागतं. हे तुकडे एका ओळीत नसतात. दहा-बारा वर्षांच्या वापरात ते डिस्कभर विखुरलेले असतात. म्हणून जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला लागणारा बहुतेक वेळ विचार करण्यात जात नाही, शोधण्यात जातो.

तुमच्या डेस्कटॉपचं हेच दुखणं आहे का, हे पैसे खर्च करण्याआधी फुकटात कळतं. कॉम्प्युटर सुरू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. "डिस्क"च्या रकान्यात १०० टक्के आणि "सीपीयू"च्या, म्हणजे इथे प्रोसेसरच्या, रकान्यात दहा-वीस टक्के दिसत असतील, तर प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत बसलाय. अशा वेळी एसएसडी हमखास उपयोगी पडते. दोन्ही आकडे कमी असूनही कॉम्प्युटर रखडत असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे आणि एसएसडीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

रहाटाचं गणित

गुहागर, श्रीवर्धन किंवा अलिबागकडच्या नारळी-पोफळीच्या वाडीतला रहाट ज्यांनी चालताना पाहिलाय, त्यांना हार्डडिस्क समजावून सांगायला फार बोलावं लागत नाही. रहाटाच्या माळेला गाडगी बांधलेली असतात, माळ फिरते, एकेक गाडगं वर येऊन पन्हळीत रिकामं होतं. पाणी पाटाने वाडीभर जातं. सलग शिंपण करायचं असेल तर रहाट उत्तम. पण समजा, तुम्हाला फक्त सतराव्या गाडग्यातलं तांब्याभर पाणी हवंय, मग तिसऱ्यातलं, मग एकोणचाळिसाव्यातलं. प्रत्येक वेळी ते गाडगं फिरून वर येईपर्यंत उभं राहावं लागेल.

हार्डडिस्कमध्ये हेच होतं. आत चकचकीत तबकडी फिरते आणि तिच्यावर एक हात सरकतो. हाताच्या टोकाला वाचणारा डोळा. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्डडिस्क आणली तेव्हा तिच्यात प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून साधारण ५० लाख अक्षरं मावत. आज तबकडी तळहाताएवढी झाली, अक्षरं अफाट वाढली, पण फिरणारी तबकडी आणि सरकणारा हात ही रचना तीच राहिली.

डेस्कटॉपची साधी हार्डडिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हवा तो तुकडा डोळ्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंदांवर थोडं. त्याआधी हात योग्य जागी सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण बारा-तेरा. ऐकायला हे काहीच नाही. पण सुरू होताना असे १० हजार तुकडे उचलायचे आहेत असं धरलं, तर निव्वळ वाट बघण्यात दोन मिनिटांहून जास्त गेली. विंडोज काही तुकडे आधीच ओळीने मागवते, त्यामुळे प्रत्यक्षातला हिशेब थोडा सुधारतो, पण जात बदलत नाही. एसएसडीला त्याच एका तुकड्यासाठी सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो. १० हजार तुकडे, एक सेकंद.

"पण माझी हार्डडिस्क सेकंदाला शंभर एमबी देते, मग ती मंद कशी?" असं एका शिक्षकांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. शंभर एमबी हा सलग शिंपणाचा आकडा. लग्नाचा व्हिडिओ एका डिस्कवरून दुसरीवर उतरवताना तो खराच मिळतो. तांब्या-तांब्याने पाणी घेताना मिळत नाही, आणि कॉम्प्युटर सुरू होणं हे सगळं तांब्याचंच काम आहे.

एसएसडीत काय फिरतं? काहीच नाही

एसएसडीत तबकडी नाही, हात नाही, मोटर नाही. आहेत त्या चिपा. पेन ड्राइव्ह आणि मोबाइलमध्ये असतात त्याच कुळातल्या. जपानमध्ये तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांच्या शोधातून ही फ्लॅश मेमरी आली. तिचा आज सर्वत्र वापरला जाणारा नँड नावाचा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे मांडला गेला. चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कोठड्या असतात आणि प्रत्येक कोठडीभोवती विजेला अडवणारी भिंत. आत कोंडलेला विद्युतभार किती, यावरून एक की शून्य हे ठरतं. लाईट गेली तरी भार आतच राहतो. कुठल्याही कोठडीचा पत्ता विजेने थेट गाठता येतो, फिरून येण्याची वाट बघावी लागत नाही.

एक अडचण मात्र आहे. लिहिलेल्या कोठडीवर पुन्हा थेट लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसताना एक कोठडी पुसता येत नाही, लाखो कोठड्यांचा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. शेणाने सारवलेल्या अंगणात पाच-पन्नास लहान रांगोळ्या आहेत असं समजा. एकच बदलायची असली तरी तेवढंच बोटभर सारवता येत नाही, अख्खा पट्टा सारवायला घ्यावा लागतो. म्हणून एसएसडी नवी रांगोळी दुसऱ्या मोकळ्या पट्ट्यावर काढते आणि जुना पट्टा सवडीने सारवते. कुठल्या रांगोळ्या आता नको आहेत, हे विंडोज तिला सांगते. या निरोपाला ट्रिम म्हणतात. विंडोज ७ पासून तो आपोआप जातो. विंडोज एक्सपीला तो पाठवता येत नाही, म्हणून एक्सपीवर एसएसडी बसवून तिचा खरा फायदा मिळत नाही.

"आमच्या जुन्या सीपीयूला ती बसेल का?"

बहुतेक वेळा बसते. हार्डडिस्कला जोडलेली अरुंद, चपटी, बोटभर रुंदीचीही नसलेली केबल दिसली, तर ती साटा केबल. एसएसडीलाही तीच लागते. दोन-तीन बोटं रुंद पट्टा दिसला, तर तो फार जुना आयडीई प्रकार, त्याच्यावर खर्च करू नका.

दुकानात मागताना "अडीच इंची साटा एसएसडी" असं स्पष्ट म्हणा. एम-टू नावाची च्युइंगगमच्या पट्टीसारखी एसएसडीही मिळते आणि तिचा एनव्हीएमई प्रकार कितीतरी वेगवान असतो. पण २०१२ च्या सुमाराच्या मदरबोर्डवर ती लावायला खाच नसते, आणि अडॅप्टरने लावली तरी तिच्यावरून सुरू होणं जुन्या बायोसला सहसा जमत नाही.

साटाच्या तीन पिढ्या आहेत. पहिलीचा वेग सेकंदाला १५० एमबी, दुसरीचा ३००, तिसरीचा ६००. नानांच्या डेस्कटॉपमध्ये एच-६१ जातीचा मदरबोर्ड निघाला. त्या काळी जोडून घेतलेल्या कितीतरी डेस्कटॉपमध्ये हाच असे. त्याला फक्त दुसऱ्या पिढीची भोकं असतात. मग एसएसडीचा अर्धा वेग वायाच गेला ना? सलग कामात गेला. पण आपली कमाई तांब्याच्या हिशेबात आहे, १२ मिलिसेकंदांवरून ०.१ वर येण्यात, आणि ती दुसऱ्या पिढीवरही जवळजवळ पूर्ण हाती लागते.

रॅम २ जीबी असेल तर मात्र आधी रॅम वाढवा. जागा अपुरी पडली की विंडोज रॅममधला माल सतत डिस्कवर टाकत-उचलत राहते, आणि एसएसडीसुद्धा रॅमची जागा घेऊ शकत नाही. ४ जीबीवर साधं काम होतं, ८ वर सुखाने होतं.

बसवण्याआधी फॉन्ट जपा

बॅकअप घ्या, हे सगळेच सांगतात. फोटो, टॅलीच्या हिशेबाचं फोल्डर, डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली, ब्राउझरमधले पासवर्ड. मी त्यात एक भर घालते: मराठी फॉन्ट. आपल्याकडच्या सोसायट्या, देवस्थानं, शाळा, वाचनालयं यांचे कितीतरी जुने मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व, म्हणजे सगळीकडे चालणारी आजची अक्षरपद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. दुकानदार फॉरमॅट मारतो, फॉन्ट जातो, आणि वीस वर्षांची इतिवृत्तं उघडल्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात. मजकूर तिथेच असतो, वाचणारी लिपी हरवलेली असते. नानांच्या कॉम्प्युटरमध्ये सभासदांच्या याद्या अशाच होत्या. म्हणून विंडोजच्या आतलं फॉन्ट्स फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि त्या प्रोग्रॅमची मूळ सीडी किंवा डोंगल (पेन ड्राइव्हसारखी परवान्याची किल्ली) कुठे आहे ते आजच शोधून ठेवा.

पुढे दोन वाटा आहेत. एक, जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर करायची, म्हणजे क्लोन. त्यासाठी क्लोनझिला हा मोफत प्रोग्रॅम आहे, पण तो मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर सरळ नक्कल करत नाही, आधी जुन्या डिस्कवरचे भाग आवळून लहान करावे लागतात. दुसरी वाट, पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकायची. मी दुसरीच्या बाजूची आहे. दहा वर्षांचा साचलेला गाळ नव्या टाकीत का ओतायचा? विंडोज १० आधी रीतसर सुरू झालेली असेल, तर तिचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो. डिस्क बदलल्यावर इंटरनेट जोडलं की तो सहसा परत लागू होतो.

बसवताना: जुनी डिस्क काढून ठेवा

मुख्य वायर भिंतीतून काढा आणि मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगावरची स्थिर वीज चिपला मारक ठरू शकते. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असल्याने ही भीती कमी, थंडीच्या कोरड्या दिवसांत जास्त.

एसएसडी अडीच इंची आणि जुन्या कॅबिनेटमधला कप्पा साडेतीन इंची, म्हणून मधे एक पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची चौकट लागते. ती नसेल तर दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनेही काम भागतं, कारण एसएसडीत काही हलत नाही आणि तिचं वजनही नगण्य असतं. दोन जोडण्या करायच्या: अरुंद केबल डेटाची, रुंद केबल विजेची. पॉवर सप्लायला साटाची मोकळी तार नसेल तर चार टाचण्यांच्या जुन्या जोडणीवरून अडॅप्टर घेता येतो. तो घेताना साच्यात ओतलेल्या एकसंध प्लॅस्टिकचा घेऊ नका. असे अडॅप्टर आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं आहेत. ज्याच्या तारा एकेक करून दाबून बसवलेल्या दिसतात, तो घ्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. नवीन विंडोज टाकताना जुनी हार्डडिस्क जोडलेली ठेवू नका. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी ती जोडलेलीच ठेवली होती. विंडोज एसएसडीवर व्यवस्थित बसली, वेगही आला. आठवड्याने जुनी डिस्क काढली, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ, की सुरू व्हायला डिस्क सापडत नाही. विंडोज एसएसडीवर होती, पण बूटलोडर तिने जुन्या डिस्कवरच्या आधीच्या जागेत ठेवला होता. घर नवं बांधलं आणि किल्ली जुन्या घराच्या कोनाड्यात राहिली. पुन्हा सगळं टाकावं लागलं, एक अख्खा दिवस गेला.

तेव्हा आधी फक्त एसएसडी जोडा. बायोसमध्ये जाऊन साटा डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआय आहे का ते बघा. तिथे आयडीई असेल (हा बायोसमधला पर्याय, मघाची रुंद केबल नव्हे) तर विंडोज टाकण्यापूर्वीच बदला, मागाहून बदलल्यास विंडोज सुरूच न होता निळा पडदा येण्याची शक्यता असते. विंडोज टाका, दोन-तीनदा बंद-चालू करून बघा, आणि मगच जुनी डिस्क जोडा. बायोसमध्ये पहिला क्रमांक एसएसडीला द्या. जुनी डिस्क आता फाइली ठेवायची कोठी झाली.

"विंडोज ११ चालेल का मग?"

नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. एसएसडीने यातलं काही मिळत नाही. अटी चुकवून ती बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण वाचनालयाच्या किंवा सोसायटीच्या कॉम्प्युटरवर मी त्या करणार नाही. वैयक्तिक वापराच्या विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली आहे, तिच्यासाठी नोंदणी करावी लागते. त्यानंतरसाठी विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या लिनक्स मिंट या प्रणालीचा विचार जरूर करा. ते मोफत आहे, युनिकोड मराठी त्यात उत्तम दिसतं, आणि एसएसडीवर ते जुन्या डेस्कटॉपवरही चपळ चालतं. टॅली किंवा जुना डीटीपीचा प्रोग्रॅम अडत असेल तर विंडोज ठेवा, पण त्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार करू नका.

"एसएसडी झिजते म्हणतात"

झिजते. प्रत्येक पुसण्या-लिहिण्यात कोठडीची भिंत थोडी कमकुवत होते. म्हणून कंपनी किती लेखन सोसेल याचा आकडा देते. २४० जीबीच्या साध्या एसएसडीला तो ८० टीबीच्या, म्हणजे ८० हजार जीबीच्या, आसपास असतो. रोज २० जीबी लिहिलं, तरी ४ हजार दिवस, म्हणजे जवळपास ११ वर्षं. वाचनालयात रोज एवढं लिहिलंच जात नाही.

मला झिजेपेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते. हार्डडिस्क मरण्याआधी बहुधा कुरकुरते, टकटक वाजते. एसएसडी अनेकदा न सांगता जाते. ट्रिममुळे तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणंही जवळजवळ अशक्य असतं. म्हणून जुनी हार्डडिस्क फेकू नका. आठवड्यातून एकदा कामाच्या फाइलींची प्रत तिच्यावर घ्या.

लाईट, खारा वारा आणि एक बटणएवढी बॅटरी

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. पण कॉम्प्युटरला मोठ्या अंधारापेक्षा रोजची ये-जा जास्त छळते. एसएसडीत हलणारं काही नसलं तरी लिहिता लिहिता लाईट गेली तर तेवढ्यापुरता मजकूर जातोच, कधी फाइलींची मांडणीही बिघडते. यूपीएस हवाच. त्याची बॅटरी आगोटीला, म्हणजे पावसाआधीच तपासून घ्या.

दुसरं, मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही गोल बॅटरी. बायोसच्या सेटिंग तिच्या जोरावर टिकतात. आठ-दहा वर्षांत ती संपते. भिंतीवरचं बटण रोज बंद करायची आपली चांगली सवय असते, त्यामुळे बॅटरी संपली की बायोस सगळं विसरतो. एएचसीआय पुन्हा आयडीई होऊ शकतं, क्रमांक बदलतात, कॉम्प्युटर सुरू होत नाही, आणि लोक म्हणतात नवी एसएसडी गेली. घड्याळात भलतंच जुनं साल दिसलं की ओळखा. कॅबिनेट उघडलंच आहे, तर ही बॅटरी तेव्हाच बदला. आणि रॅम काढून तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने पुसून परत लावा. खाऱ्या वाऱ्याने चढलेला थर इथेच त्रास देतो.

"आमचं घर सहा-सहा महिने बंद असतं"

हा प्रश्न मुंबईच्या चाकरमान्यांचा, आणि तो फार मोलाचा आहे. एसएसडी विजेशिवाय पडून राहिली तर कोठड्यांतला भार हळूहळू झिरपतो. जेडेक या संस्थेचं मानक असं, की ठरलेलं सगळं लेखन सोसून झिजलेली घरगुती वापराची एसएसडीही ३० अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष मजकूर जपेल. नवी त्याहून कितीतरी जास्त टिकते. उष्णता वाढली की हा काळ घटतो, त्यामुळे मे महिन्यात कौलांखालच्या माळ्यावर सुटी एसएसडी ठेवू नका. आणि सातबारा, जुन्या खरेदीखतांचे स्कॅन, घरच्यांचे फोटो यांची एकमेव प्रत एसएसडीवर कधीच नको.

माझ्या मावसभावाचं घर गणपतीनंतर बंद होतं ते शिमग्याला उघडतं. त्याच्या डेस्कटॉपलाही मी एसएसडी बसवून दिली. जुन्या हार्डडिस्कवर सगळ्याची प्रत काढून ती तो मुंबईला घेऊन गेलाय. शिमग्याला आला, की पालखी घरी येण्याआधी त्याने कॉम्प्युटर लावून तासभर चालू ठेवायचा, एवढं आमचं ठरलंय.